अंत्या मुलुंडला गायला तेव्हा

अंत्याच्या नंबरवरून फोन वाजला आणि उचलायच्या आधीच मला कळलं. अंत्या कधी फोन करत नसे. मेसेज पाठवायचा, त्यात स्वल्पविराम-पूर्णविरामाचा पत्ता नसायचा, आणि माझं उत्तर यायला उशीर झाला की एक नुसतं प्रश्नचिन्ह. पण फोन नाही. चाळीसएक वर्षांपूर्वी त्याचा आवाज गेला तो गेलाच. मागे उरली ती कुजबुज, आणि कुजबुज फोनवर ऐकू येत नाही. पलीकडून त्याची मुलगी केतकी बोलत होती. "मिलिंदकाका, बाबा गेले," एवढंच म्हणाली. सकाळी चहा पिऊन पेपर उघडला, छातीत कळ आली, रिक्षा दारात येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी येतो म्हणालो, चपला घातल्या आणि बराच वेळ तसाच दारात उभा राहिलो... बायको मागून विचारत होती, काय झालं.

आता महिना उलटून गेला. भेटणारे विचारतात, तुमचे मित्र गायचे म्हणे? गायचे, आणि काय गायचे! पण ते सांगायचं तर मुलुंडच्या एका दुपारबद्दल सांगावं लागतं, आणि त्या दुपारची आठवण निघाली की माझं डोकं अजून तापतं. माझी बायको म्हणते, इतक्या वर्षांनी कसला राग धरून बसलायस. असेल. पण राग काही वय विचारून येत नाही.

आम्ही मरोळचे, एकाच चाळीत समोरासमोरच्या खोल्यांत वाढलेले. अंत्याचे वडील तात्या मालवणकडचे, परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. आमचं घर साताऱ्याकडचं, बौद्ध. आमच्या घरात देव नव्हता, त्यामुळे देवाकडे मागणंही नव्हतं. समोर मात्र उलटा प्रकार. तात्या म्हणजे चाळीचे गाऱ्हाणं घालणारे. कोकणातली ही पद्धत आहे: कार्य कुठलंही असो, वडीलधारा माणूस नारळ हातात घेऊन देवाशी मोठ्याने बोलतो, काय हवं, कुणाला सांभाळायचं, कुणाची वाट मोकळी करायची ते एकेक वाक्यात सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला भोवतालचे सगळे मिळून 'व्हय म्हाराजा' म्हणतात. कुणी दुकान काढलं, कुणाची रिक्षा आली, कुणाचं पोरगं बारावीला बसलं, की तात्यांना बोलावणं जायचं. लहानपणापासून मीही त्या घोळक्यात असायचो. माझ्या वडिलांना ते बिलकूल पसंत नव्हतं, पण नंतर ओलं खोबरं मिळायचं आणि मोठ्याने ओरडायला मजा यायची. वाक्यात काय सांगितलं जातंय इकडे खरं तर कुणाचंच लक्ष नसायचं. तात्यांचा आवाज खाली उतरला की आमचा वर चढायचा, एवढीच ती शिस्त.

अशा घरातल्या मुलाला गिटारचं वेड लागावं, हे मरोळमुळेच झालं. गावठाणात एक ख्रिस्ती मास्तर होते, नाताळात चर्चच्या पटांगणात वाजवायचे. अंत्या त्यांच्या मागे लागला आणि वर्षभरात त्यांच्याच पोरांबरोबर त्याने बँड उभा केला. गिटार तशी बेताचीच वाजवायचा. आवाज मात्र... त्या आवाजात एक फाट होती. कोरा मांजरपाट टर्रकन फाडावा तशी वरच्या सुरात ती उघडायची आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. मला सूर-तालातलं ओ का ठो कळत नाही, पण ते कळायचं. कॉलेजांच्या गॅदरिंगला, वांद्रे-सांताक्रूझच्या पार्ट्यांना त्यांना बोलावणी यायला लागली. इंग्रजी गाणी म्हणायचा, मग स्वतःची जुळवायला लागला, अर्धी इंग्रजी, अर्धी आपल्या मुंबईच्या हिंदीत. तात्या त्याला गाणं म्हणत नसत. 'वरडणा' म्हणायचे. झील वरडूक गेलो हा, म्हणजे पोरगा ओरडायला गेलाय, असं आल्यागेल्याला सांगायचे.

मग संप आला आणि तात्यांची गिरणी बंद झाली ती झालीच. सुरुवातीला ते पहाटे उठून अंत्याच्या आईला डबा भरायला सांगायचे, अर्धे कपडे घालून झाल्यावर त्यांना आठवायचं. पुढे तेही थांबलं. दिवसभर गॅलरीत बसून असायचे, कुणी बोललं तर बोलायचे. त्याच सुमाराला अंत्याचा बँडही फुटला. दोघे आखातात नोकरीला गेले, तिसऱ्याचं लग्न झालं आणि सासऱ्याने त्याला धंद्यात ओढलं. अंत्या एकटा उरला. त्याने नोकरी बघावी असं सगळ्यांना वाटत होतं, मलासुद्धा. तेवढ्यात मुलुंडच्या काही कॉलेजातल्या पोरांनी त्याला विचारलं, एकट्याने दोन तास गाशील का, हॉल घेतो, तिकीट लावतो. नुसती गिटार आणि तो. सोलो. मी घरी येऊन आईला हे कौतुकाने सांगितलं तर ती म्हणाली, "एकटाच बसून गाणार, मग भजन म्हण की त्याला." अंत्याला ते इतकं आवडलं की तो पुढे त्या कार्यक्रमाला भजनच म्हणायला लागला.

पण गणपतीपासून त्याचा आवाज बसला होता. आधी आम्ही हसण्यावारी नेलं. ज्येष्ठमधाची काडी गालात धरून फिरायचा, मिठाच्या गुळण्या करायचा. दिवाळी गेली तरी उतार नाही. सकाळी उठल्यावर त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे, दहा वाजून गेले की घसा हळूहळू सुटायचा, आणि सुटला तरी मध्येच एखाद्या शब्दाला नुसती हवा यायची. मी त्याला जबरदस्तीने सरकारी हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी आरशाने घशात बघितलं, पुन्हा बघितलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, हे तुमचे कोण? स्वरतंतूवर गाठ होती. तुकडा काढून तपासायला पाठवू, म्हणाले, आणि तोवर गाणं पूर्ण बंद, बोलणंही अगदी लागेल तेवढंच. बाहेर आल्यावर अंत्याने समोरच्या टपरीवर चहा मागवला आणि म्हणाला, "मुलुंड झालं की येऊ." इतकं साधं, की जणू केस कापायचं राहिलं होतं.

आम्ही कडाक्याचं भांडलो. मी त्याला वेडा म्हणालो, स्वार्थी म्हणालो, आणखी बरंच काही. तो म्हणाला, नंतर डॉक्टर काय करतील ते करतील, पण माझं म्हणून एकदा व्हायला पाहिजे. घरी काही बोलू नकोस, असं त्याने बजावलं. मी सरळ जाऊन तात्यांना सांगितलं. माझा हिशेब सोपा होता: या माणसाला पोराचं गाणं मुळातच नको आहे, हा त्याला घरातून हलू देणार नाही. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. गॅलरीच्या कठड्यावर हात ठेवून खाली बघत राहिले आणि म्हणाले, "मिलिंदा, माका गिरणीत येव नको म्हणान सांगलेनी, तेव्हा माझा काय झाला तां तू बघलंस. आता मी झिलाक कसा सांगू, गाऊ नको म्हणान?" मी तसाच आमच्या खोलीत परत आलो. पोरासाठी करण्यासारखं त्यांच्याकडे दुसरं काही नाही, असं तेव्हा मला वाटलं.

मुलुंड तेव्हा आम्हा अंधेरीकडच्यांना परगावच वाटायचं. दोन बस बदलून आम्ही गेलो. वाटेत अंत्या एक अक्षर बोलला नाही, आवाज राखून ठेवत होता. भर दुपारी गळ्याला मफलर, त्यामुळे बसमधले लोक वळून बघत होते. हॉलवर गेलो तर दारात फुलांची कमान आणि नवरा-नवरीच्या नावांची पाटी. संध्याकाळी तिथे रिसेप्शन होतं, म्हणून आमचा कार्यक्रम दुपारी चारला. स्टेजवर नवरा-नवरीच्या दोन मोठ्या खुर्च्या आधीच मांडून ठेवलेल्या, त्या हलवायला डेकोरेशनवाला तयार होईना. शेवटी पोरांनी त्यांच्यावर पांढऱ्या चादरी टाकल्या. अंत्याला त्यांच्या पुढ्यात उभं राहून गायचं होतं. मला ते बघवेना. मी एक चादर तरी रंगीत आणा म्हणून पोरांच्या मागे लागलो, तर ती मलाच हसली.

चार वाजायला आले आणि विंगेत तात्या उगवले. धुतलेला सदरा, हातात कापडी पिशवी. अंत्या चपापला. तात्यांनी पिशवीतून नारळ काढला आणि काही न विचारता गाऱ्हाण्याला उभे राहिले. अंत्याने मफलर काढून हात जोडले. मी होतो, साउंडवाला रत्नागिरीचा होता, तो लगेच सरसावला, आणि मुलुंडची ती कॉलेजातली पोरं, त्यातली निम्मी गुजराती, तीसुद्धा गंमत म्हणून गोळा झाली. तात्यांनी सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, आज ह्यो झील तुझ्या पायाकडे उभो रवलो हा." व्हय म्हाराजा. "तेच्या पाठीमागे उभो रव." व्हय म्हाराजा. गुजराती पोरांना एव्हाना ठेका सापडला होता, ती जोरात साथ द्यायला लागली. "जो कोण वायट नजर टाकीत, तेची नजर थयच फिरव." व्हय म्हाराजा. आणि मग त्याच चालीत, त्याच सुरात तात्या म्हणाले, "आजचो दिवस तेचो गळो सांभाळ. उद्यापासना गाणा नाय झाला तरी चलात, पण आज तेका कमी पडू दिव नको." आणि आम्ही सगळे म्हणालो, व्हय म्हाराजा. सगळ्यात मोठ्याने अंत्या म्हणाला, डोळे मिटून. तात्यांनी नारळ फोडला, पाणी शिंपडलं, आणि मग माझ्या डोक्यात ते वाक्य उतरलं: उद्यापासून गाणं गेलं तरी चालेल. मी अंत्याकडे बघितलं, त्याने डोळे उघडले होते. त्यालाही कळलं होतं. तो माझ्याकडे बघून किंचित हसला आणि गिटार गळ्यात अडकवून बाहेर गेला.

माझा या कशावर विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. पण खाली येऊन खुर्चीत बसलो तेव्हा तात्यांचं ते वाक्य मी मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघत होतो, त्यात कुठे पळवाट सापडते का म्हणून. हॉल निम्मा भरला होता, पहिल्या गाण्यानंतर बाहेर उभी असलेली पोरं आत यायला लागली, आणि बघता बघता भिंतीला टेकून उभं राहायची पाळी आली. कारण अंत्याचा आवाज आला होता. नुसता आला नव्हता, तो पूर्वी कधीच असा नव्हता. सकाळी ज्याला माझं नाव धड उच्चारता येत नव्हतं, तो माणूस वरच्या सुरात जाऊन तिथे ठाण मांडून उभा राहत होता. ती नेहमीची फाट कुठे दिसेना. स्वच्छ, अखंड, कुठे खरखर नाही, कुठे हवा नाही. पोरं खुर्च्यांवर चढून नाचत होती. माझ्या शेजारचा अनोळखी मुलगा माझा खांदा दाबून म्हणत होता, क्या गाता है यार, क्या गाता है. आणि मी मात्र प्रत्येक गाण्यात आता तुटेल, आता तुटेल म्हणून वाट बघत होतो, आणि ते तुटत नव्हतं म्हणून जास्तच घाबरत होतो. इतकं चांगलं गाणं मी इतक्या भीतीने कधी ऐकलेलं नाही.

तात्या पहिल्या रांगेत बसले होते. फोडलेल्या नारळाची पिशवी मांडीवर, नजर मुलाच्या गळ्यावर. टाळ्यांना टाळी नाही, मान हलवणं नाही. शेवटचं गाणं झालं, वन्समोअरचा गिल्ला झाला, आणि अंत्या पुन्हा माइककडे वळला तेव्हा तात्या उठून उभे राहिले. हात वर करून म्हणत होते, बस झाला, आता बस झाला. त्या गोंगाटात ते कुणालाच ऐकू गेलं नाही, मागच्या पोरांनी तर त्यांना खाली बसायला लावलं. अंत्याने आणखी एक गाणं म्हटलं. ते सगळ्यात सुंदर झालं. रेकॉर्डिंग करायचं कुणालाही सुचलं नव्हतं. तो स्टेजवरून उतरला तेव्हा डेकोरेशनवाल्यांनी त्या खुर्च्यांवरच्या चादरी ओढून काढल्या होत्या आणि हार लावायला घेतले होते.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले, दुपार झाली, तरी घसा सुटला नाही. मग हॉस्पिटल, तुकडा, ऑपरेशन. गाठ वाईट निघाली. जीव वाचला, आवाज गेला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की गाठ आधीच खोल गेली होती, त्या दुपारच्या गाण्याने फार काही बिघडलं असं नाही, ऑपरेशन टळणार नव्हतंच. हे मी तात्यांना शंभरदा तरी सांगितलं असेल. गॅलरीत त्यांच्या शेजारी बसून वैतागून सांगितलं, चित्र काढून सांगितलं. ते मान हलवायचे. एकदाच म्हणाले, "गाठ होती तां मी पण जाणतंय रे. पण माझ्या तोंडातसून तां इला कसा?" त्यानंतर त्यांनी गाऱ्हाणं घातलं नाही. गणपतीला चाळीतली माणसं बोलवायला यायची, तात्या आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचे. अंत्या त्यांच्या उशाशी बसून कुजबुजायचा, म्हणा तात्या, माझ्यासाठी म्हणा. शेवटपर्यंत नाही म्हटलं. माझा राग आहे तो यावर आहे. देवावर नाही, तो माझ्यापुरता नाहीच. एका भल्या माणसाने मुलासाठी जवळ होतं ते सगळं पुढे केलं आणि बदल्यात उरलेलं आयुष्य आरोपीसारखं काढलं, यावर आहे.

अंत्या मात्र चिडला नाही, याचाही मला राग यायचा. एकदा मी त्याला म्हणालो, अरे, तुला काहीच वाटत नाही का? तर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "पण त्या दिवशी गायलो ना रे?" मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पत्रा दाबायच्या प्रेसच्या एका कारखान्यात त्याला काम मिळालं. तिथे मशीनच्या दणदणाटात सगळेच खुणांनी बोलतात, त्यामुळे त्याचं काही अडलं नाही. निवृत्त होईपर्यंत तो तिथेच होता. गिटार गावठाणातल्या एका मुलीला देऊन टाकली. सुलभावहिनींशी लग्न झालं, घाटकोपरला घर केलं, केतकी झाली. मी दर महिन्याला एखादी फेरी मारायचो. त्या घराची एक रीत होती. अंत्याला काही सांगायचं असलं की तो हात वर करायचा, आणि बटणांच्या जवळ जो कोणी असेल तो पंखा बंद करायचा, कारण पंख्याच्या घरघरीत त्याचं बोलणं ऐकू येत नसे. मग सगळ्यांनी घाम पुसत त्याचं ऐकायचं. मे महिन्यात तर तो लबाड मुद्दाम लांबण लावायचा, आम्ही कासावीस झालो की डोळे मिचकावायचा.

परवा रविवारी घाटकोपरला गेलो होतो. वहिनी आत-बाहेर करत होत्या, केतकी माझ्यासमोर बसली होती. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि मग तिने विचारलं, "काका, बाबांचा आवाज कसा होता?" मला क्षणभर प्रश्नच कळला नाही. मग लक्षात आलं, या मुलीने तो कधी ऐकलेलाच नाही. तिच्या जन्माआधीच तो गेला होता. तिच्यासाठी बाप म्हणजे ती कुजबुज. आणि ऐकलेल्यांपैकी तिला सांगू शकेल असा आता मीच उरलो होतो. चांगला होता म्हणणार होतो, पण ते काय सांगणं झालं? उंच होता? स्वच्छ होता? मी मनातल्या मनात त्या हॉलमध्ये गेलो, पोरं नाचताना दिसली, तात्या दिसले, अंत्याचं उघडलेलं तोंडसुद्धा दिसलं... आवाज काही येईना. थांब, आठवू दे, असं तिला सांगायला मी हात वर केला. वहिनी तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात होत्या. त्यांनी पदराला हात पुसत, माझ्याकडे न बघताच, पंख्याचं बटण बंद केलं.

पाती हळूहळू थांबली. मग वहिनींच्या लक्षात आलं, पण त्यांचा हात बटणावरच राहिला. केतकी माझ्याकडे बघत नव्हती, बापाच्या खुर्चीकडे बघत होती. उकडत होतं, घाम मानेवरून खाली उतरत होता, पण पंखा कुणी लावला नाही.